कलावाओ काउंटी: कडा, समुद्र आणि ८२ माणसं

मी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते. दरवर्षी मुलांना एक काम असतं, कुठलीही एक जागा निवडायची आणि तिची पूर्ण माहिती काढायची, म्हणजे क्षेत्रफळ, लोकसंख्या, रस्ते, पाणी, कारभार कोण बघतं वगैरे, आणि मग त्या माहितीमागचं कारण लिहायचं. मुलं पहिला भाग झकास करतात. दुसऱ्या भागाला अडतात, कारण आकडा मिळाला की काम झालं असं वाटतं. म्हणून या वेळी नमुन्यादाखल एक प्रकरण मीच लिहायला घेतलं, आणि मुद्दाम अमेरिकेतली एक खेडवळ काउंटी घेतली जिचा एकही साधा आकडा कारण विचारल्याशिवाय कळतच नाही.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा. अमेरिकेत अशा तीन हजारांवर आहेत. त्यातली ही कलावाओ काउंटी, हवाई राज्यातली, मोलोकाई नावाच्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. जमीन फक्त १२ चौरस मैल, म्हणजे ३१ चौरस किलोमीटर, बोरिवलीचं नॅशनल पार्क याच्या तिप्पट मोठं आहे. जमिनीच्या हिशोबाने ही अमेरिकेतली सगळ्यात छोटी काउंटी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ८२. याहून कमी माणसं देशात फक्त टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत, तिथे ६४. आणि याच हवाई राज्यात होनोलुलू काउंटीत दहा लाखांवर लोक राहतात, विमानाने अगदी थोड्या वेळाच्या अंतरावर.

आता पुढची माहिती बघा. या काउंटीत निवडणुकीने आलेलं सरकार नाही. मेयर नाही, कौन्सिल नाही. कारभार राज्याचं आरोग्य खातं बघतं. काउंटीचा म्हणून एकच अधिकारी असतो, शेरीफ, म्हणजे पोलीस अधिकारी, तो तिथलाच रहिवासी असावा लागतो आणि त्याची नेमणूकही आरोग्य खातंच करतं. बाहेरून येणारा गाडीरस्ता नाही. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना तर पाहुणे म्हणूनही प्रवेश नाही. बाकीचं आख्खं मोलोकाई बेट शेजारच्या माउई काउंटीत मोडतं, हा एवढा तुकडाच तेवढा वेगळा काढलाय.

का? एवढाच प्रश्न घेऊन हे प्रकरण आहे.

आधी जमीन

मोलोकाईचा उत्तर किनारा म्हणजे समुद्रातून सरळ उभी राहिलेली भिंत. जगातल्या सगळ्यात उंच समुद्रकड्यांमध्ये याची गणना होते, ठिकठिकाणी ३००० फुटांच्या वर. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी बघितलाय त्यांनी तो डोळ्यासमोर आणावा आणि खाली कोकणाच्या जागी थेट पॅसिफिक महासागर लावावा. हा कडा कसा झाला तर साधारण १५ लाख वर्षांपूर्वी बेटाच्या पूर्वेकडच्या ज्वालामुखीचा उत्तरेकडचा भाग तुटून समुद्रात घसरला. केवढी दरड असेल ती, विचार करा. उरला तो कापलेला काठ. पाऊस आणि लाटांनी तो पुढे आणखी कोरला.

त्यानंतर खूप उशिरा, कड्याच्या पायथ्याशी समुद्रात एक छोटा ज्वालामुखी फुटला, लाव्हा चहूबाजूंनी पसरला आणि एक सपाट जीभ तयार झाली. तेच हे कलाउपापा द्वीपकल्प. त्या ज्वालामुखीचं विवर, काउहाको, अजून मधोमध आहे आणि त्याच्या तळाशी एक तळं आहे जे वरून बघितलं तर अर्धा हेक्टरसुद्धा नाही पण खोली सुमारे २४८ मीटर. म्हणजे विहीरच म्हणा.

द्वीपकल्पाच्या तीन बाजूंना समुद्र, तोही खवळलेला, हिवाळ्यात तर बोट लावणं अवघड. चौथ्या बाजूला कडा. वरच्या पठारावरून खाली यायला एक पायवाट आहे, साधारण तीन मैलांची, २६ वळणं, उतार १६०० ते १७०० फुटांचा, माणूस चालत किंवा खेचरावर बसून यायचा. २०१८ च्या शेवटी दरड कोसळली आणि ही वाटसुद्धा बंद पडली. मग राहिलं काय तर छोट्या विमानांची धावपट्टी आणि समुद्र.

एक गोष्ट मात्र मुलांना मी ठासून सांगते. ही जागा ओसाड नव्हती. हवाईतले मूळ लोक इथे ९०० हून जास्त वर्षं राहत होते, दगडी बांध घालून रताळी पिकवत होते. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा तिथे जाणाऱ्या रताळ्यांत इथलीही रताळी होती. म्हणजे बाहेरच्या जगाशी व्यापार करणारं चांगलं नांदतं गाव होतं हे. नुसता भूगोल बघितला तर "दुर्गम" हा शब्द चटकन सुचतो, पण कोणासाठी दुर्गम? ज्यांची होडी आहे, ज्यांना वाट पाठ आहे, ज्यांना वर चढायला पाय आहेत, त्यांच्यासाठी ते घर होतं. दुर्गम ते नंतर ठरलं, आणि मुद्दाम ठरलं.

मग कायदा

१९ व्या शतकात हवाई हे स्वतंत्र राज्य होतं, स्वतःचा राजा असलेलं. बाहेरची जहाजं आली तसे बाहेरचे आजारही आले, आणि ज्या आजारांची शरीराला कधी ओळखच नव्हती त्यांनी तिथली माणसं भराभर गेली. त्यात कुष्ठरोग आला. या रोगाचं एक नाव हवाईच्या भाषेत पडलं त्याचा अर्थ "ताटातूट करणारा आजार". आपल्याकडे याला महारोग म्हणायचे, रोगाच्या भीतीवरून पडलेलं नाव. त्यांनी नाव ठेवलं ते रोगापायी माणसांचं जे झालं त्यावरून.

३ जानेवारी १८६५ ला राजा पाचवा कामेहामेहा याने कायद्यावर सही केली, कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचा कायदा. संशयित माणसाला पकडायचं, तपासायचं आणि रोग निघाला तर वेगळं ठेवायचं. वेगळं कुठे ठेवायचं याला उत्तर म्हणून हे द्वीपकल्प निवडलं. तीन बाजूंना समुद्र आणि एका बाजूला कडा, भिंत बांधायचा खर्चच नाही.

६ जानेवारी १८६६ ला पहिली १२ माणसं उतरवली, ९ पुरुष आणि ३ बायका. पूर्वेच्या बाजूला, कलावाओला. ही वाऱ्याची बाजू, दमट आणि गार, कड्याच्या सावलीमुळे ऊनही लवकर जातं. सरकारची कल्पना अशी की लोक इथे शेती करतील आणि स्वतःचं भागवतील. आता ज्यांच्या बोटांत ताकद नाही, ज्यांच्या पायांना जखमा आहेत त्यांनी नांगर धरायचा! पहिली वर्षं फार वाईट गेली. पुरेशी घरं नाहीत, पाणी लांबून आणायचं, औषध तर नव्हतंच.

काही जण एकटे आले नाहीत. नवरा पकडला गेला तर बायको धडधाकट असून बरोबर आली, बायको पकडली गेली तर नवरा. अशा सोबत आलेल्या माणसाला तिथे "कोकुआ" म्हणायचे, मदत करणारा. मला या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा शब्द वाटतो. कायदा म्हणत होता तोडा आणि ही माणसं म्हणत होती मग आम्हीही येतो.

सगळेच निमूट गेले असंही नाही. काउआई बेटावर कोओलाऊ नावाचा गुराखी होता, त्याला इकडे पाठवायचं ठरलं तेव्हा तो बायको पीइलानी आणि लहान मुलाला घेऊन कलालाऊच्या दरीत जाऊन बसला. १८९३ मध्ये सैनिक पाठवले, तोफ आणली, पण तो हाती लागला नाही. मुलगा आणि मग तोही त्या दरीतच रोगाने गेले, आणि पीइलानी त्यांना पुरून एकटी परत आली. कायदा कागदावर एका ओळीचा असतो, घरात शिरला की असा दिसतो.

१८६६ पासून १९६९ पर्यंत सुमारे ८००० माणसं इथे पाठवली गेली. त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास मूळ हवाईयन. राणी एम्माचा चुलतभाऊ पीटर काएओ हाही १८७३ ला इथे आला होता, म्हणजे राजघराण्यालासुद्धा सूट नव्हती. आणि द्वीपकल्पावरचे जे मूळ रहिवासी होते, रताळीवाले, त्यांना १८९५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. रोग नसलेल्यांना घराबाहेर आणि रोग असलेल्यांना घरापासून लांब, एकाच तुकड्यावर दोन्ही अन्याय.

डेमियन, आणि त्यांच्या आधीचे

बाहेर ही जागा ओळखली जाते ती फादर डेमियन यांच्यामुळे. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू, १० मे १८७३ ला आले तेव्हा वय ३३. घरं बांधली, शवपेट्या बनवल्या, पाण्याचे पाईप टाकायला लोकांबरोबर राबले, जखमा बांधल्या. कलावाओला त्यांचं सेंट फिलोमेना चर्च अजून उभं आहे. त्या चर्चच्या लाकडी जमिनीत चौकोनी भोकं पाडलेली आहेत. रोगामुळे लोकांना सारखी थुंकी यायची, प्रार्थनेतून उठून बाहेर जायची लाज वाटायची म्हणून कोणी यायचंच नाही. डेमियननी जमिनीलाच भोकं पाडली, पानाची सुरळी त्यात धरायची आणि बसल्या जागी थुंकायचं. धर्मावर कितीही बोलता येईल पण समोरच्या माणसाची अडचण नेमकी कुठे आहे हे बघून करवत हातात घेणं, ते मला फार मोठं वाटतं.

पुढे त्यांनाही रोग झाला आणि १५ एप्रिल १८८९ ला, ४९ व्या वर्षी, ते तिथेच गेले. १९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला नेले. कलावाओच्या लोकांना ते लागलं असणारच. १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात परत आणून मूळ थडग्यात ठेवला. २००९ ला त्यांना संत घोषित केलं. त्यांच्यानंतर काम पुढे नेणाऱ्या मदर मॅरियन कोप १८८८ ला आल्या, १९१८ ला तिथेच वारल्या, त्या २०१२ ला संत झाल्या.

पण माझी एक तक्रार आहे. सगळी गोष्ट डेमियनपासून सुरू करतात आणि त्याआधी तिथे नुसता अंधार होता असं दाखवतात. हे बरोबर नाही. डिसेंबर १८६६ मध्ये, म्हणजे पहिली बोट लागल्याच्याच वर्षी, ३५ रुग्णांनी मिळून सिलोआमा नावाचं आपलं चर्च स्थापन केलं होतं. औषध नाही, धड छप्पर नाही, उद्याची खात्री नाही, आणि माणसं एकत्र बसून संस्था काढतायत. डेमियन येण्याच्या सहा वर्षांहून जास्त आधी.

आणि योगायोग बघा, १८७३ मध्येच, डेमियन इथे उतरायच्या थोडं आधी, नॉर्वेत हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला. शाप नाही, पाप नाही, जंतू. आज आपल्याला माहीत आहे की सुमारे ९५ टक्के माणसांना हा रोग होऊच शकत नाही, शरीरच तो थोपवतं. पण जंतू सापडल्यावर भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली, लागण होते म्हणजे आता अजून लांब ठेवा.

आपला धागा

इथे थोडं आपल्याकडे यावं लागतं, आणि ओढूनताणून नाही. डेमियन गेले ती बातमी युरोपभर गाजली, त्यातून १८८९ मध्येच लंडनला कुष्ठरोगासाठी एक निधी उभा राहिला आणि त्या निधीतून १८९०-९१ ला एक कमिशन थेट हिंदुस्थानात पाठवलं. ते देशभर फिरलं आणि त्यांनी अहवाल दिला की हा रोग आनुवंशिक नाही, लागण व्हायचं प्रमाण अगदी कमी आहे आणि सक्तीने वेगळं ठेवायची गरज नाही. इतकं स्पष्ट. तरीही १८९८ ला इथे कायदा आलाच, रोग असलेल्या निराधार माणसांना पकडून आश्रमात टाकायचा.

त्याच सुमारास, १८९० ला, मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम निघाला, आजचं वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ हॉस्पिटल. हे अ‍ॅकवर्थ म्हणजे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर, आणि हेच ते साहेब ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. पोवाड्यांच्या नादाने त्यांचं नाव मला माहीत होतं, हॉस्पिटलचं नावही माहीत होतं, दोन्ही एकच माणूस हे खूप उशिरा कळलं.

दुसरा धागा औषधाचा. आपल्याकडे सह्याद्रीच्या जंगलात कडू कवठ नावाचं झाड असतं. संस्कृतात तुवरक. त्याच्या बियांचं तेल आयुर्वेदात कुष्ठासाठी सांगितलंय. याच कुळातल्या, म्यानमारकडच्या झाडाचं तेल चालमोगरा म्हणून जगभर गेलं आणि हवाईतही पोचलं. अडचण अशी की ते घट्ट आणि चिकट, पोटात घेतलं की उलटी, टोचलं तर कातडीखाली गाठी धरतात. होनोलुलूच्या कॉलेजात ॲलिस बॉल नावाची तरुण केमिस्ट होती, तिथून मास्टर्स करणारी पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. १९१५-१६ मध्ये तिने या तेलातले घटक वेगळे करून शरीरात नीट मुरेल असं इंजेक्शन तयार केलं. त्यावेळच्या मानाने तो सगळ्यात चांगला इलाज होता, काही रुग्ण त्याने घरी परत गेले. ती मात्र ३१ डिसेंबर १९१६ ला वारली, वय २४. तिचं काम तिच्या वरिष्ठाने आपल्या नावावर छापलं. शेवटी २००० साली विद्यापीठाने आवारातल्या चालमोगऱ्याच्या झाडापाशी तिच्या नावाची पाटी लावली. मुलींना हा भाग मी दोनदा सांगते.

मी मूळची वरोऱ्याकडची. आनंदवन आमच्यासाठी शेजार होतं, तिथल्या वस्तू घरात असायच्या, तिथली माणसं ओळखीची. त्यामुळे कलावाओबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात लगेच तुलना आली. बाबा आमट्यांनाही जमीन खडकाळच मिळाली होती, ५० एकर, तिथेही पहिलं काम विहिरीचं होतं. आणि त्याआधी दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून कुष्ठरुग्णांसाठी राबत होते, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ पासून. फरक एवढाच पण फार मोठा, आनंदवनाला गेट होतं आणि ते आतून उघडत होतं. माणूस बरा झाला तर जाऊ शकत होता. जायला घर उरलेलं नसायचं ही गोष्ट वेगळी, आणि ती दोन्हीकडे सारखी.

काउंटी कशी झाली

आता मूळ प्रश्नाकडे. १८९३ ला हवाईची राणी पदच्युत केली गेली, १८९८ ला अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. १९०५ ला तिथे काउंट्या आखल्या. बेटं मोजून सरळ वाटणी करता आली असती, मोलोकाई माउईकडे गेलंही. पण कलाउपापा, कलावाओ आणि वायकोलू दरी हा तुकडा आरोग्य मंडळाच्या हातात ठेवायचा होता, तिथे माणसं कोंडलेली होती आणि त्यांच्यावर नेहमीच्या काउंटीचे नियम, निवडून आलेले लोक, असं काही नको होतं. म्हणून तो वेगळी काउंटी म्हणून दाखवला गेला. थोडक्यात या काउंटीची सीमा नदीने आखली नाही, भाषेने नाही, शेतीने नाही. ती डॉक्टरच्या तपासणीने आखली. नकाशात कडा ही सीमारेषा दिसते पण खरी रेष "रोग आहे" आणि "रोग नाही" यांच्यामधली आहे.

१९०९ मध्ये अमेरिकन सरकारने कलावाओला मोठं संशोधन केंद्र उघडलं, महागडी यंत्रं आणि सगळ्या सोयी घेऊन. त्यात राहायला नऊ रुग्ण आले, फक्त नऊ. कारण तिथे आत गेलं की बाकी वस्तीपासूनही तोडणार होते. आधीच एकदा तोडलेल्या माणसांना पुन्हा तोडायचं! १९१३ ला ते बंद पडलं. तोवर वस्तीही हळूहळू कलावाओहून पश्चिमेला, कलाउपापाला सरकत होती, तिथे हवा कोरडी आणि उबदार. १९३० च्या दशकापर्यंत सगळे इकडे आले. म्हणजे आज काउंटीचं नाव ज्या गावाचं आहे तिथे चर्च आणि थडगी आहेत, माणसं कलाउपापात आहेत.

तिथला रोजचा संसार कसा होता याचं एकच दृश्य सांगते. भेटायला येणाऱ्यांसाठी एक खोली होती, लांबलचक, मधून जाळी घातलेली. पेशंट एका दाराने येणार, घरचे दुसऱ्या दाराने, मध्ये जाळी. समुद्र ओलांडून, कडा उतरून आलेली आई, आणि मुलाला हात लावायचा नाही. जेवण दोन्हीकडे वेगळं. बाहेर जाणाऱ्या पत्रांना धुरी द्यायचे. तिथे लग्नं व्हायची, गाणी व्हायची, बेसबॉल व्हायचा, पण बाळ झालं की जन्मल्याबरोबर ते काढून घ्यायचे. काचेतून बघायचं. मग ते नातेवाइकांकडे किंवा होनोलुलूच्या अनाथाश्रमात जायचं.

१९४६ ला सल्फोनची औषधं कलाउपापाला आली आणि रोग खरोखर आटोक्यात आला. म्हणजे कायद्याचं कारण तिथेच संपलं. कायदा मात्र १९६९ ला गेला. मधली २३ वर्षं कोणाच्या हिशोबात धरायची? सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग या २३ वर्षांचा येतो. १८६६ ला लोक घाबरले, ठीक, माहिती नव्हती. १९५० ला माहिती होती.

आकड्यांकडे परत

आता लोकसंख्या पुन्हा वाचा. १९०० ला ११७७. १९५० ला ३४०. १९८० ला १४४. २०१० ला ९०. २०२० ला ८२. नेहमी अशी घसरण दिसली की आपण लिहितो, तरुण पिढी शहराकडे गेली, शेती परवडेना. इथे तसं काहीच नाही. तरुण पिढी नव्हतीच, ती काचेपलीकडे नेली होती. ही घसरण म्हणजे पकडून आणणं थांबलं आणि आणलेली माणसं एकेक करून गेली. आणि आत्ताच्या ८२ मध्येही बहुतेक जण नॅशनल पार्कचे आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी. स्वतः रुग्ण म्हणून आलेले आता दहाच्या आत.

१९६९ ला दार उघडलं तेव्हा बरेच जण तिथेच राहिले. लोक विचारतात, का राहिले? अहो, दहाव्या वर्षी उचलून आणलेलं पोर, पन्नाशीत बाहेर सोडलं तर जाणार कुठे, आणि ज्यांच्यामध्ये आयुष्य गेलं ते सगळे इथेच, जिवंत असलेले आणि पुरलेलेही. त्यांनी मागितलं ते एवढंच की आम्हाला मरेपर्यंत इथे राहू द्या. ते वचन मिळालं. १९८० ला ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक पार्क झाली तीही त्या लोकांच्या मागणीला धरून, त्यांची शांतता सांभाळायची या अटीवर. परवान्याचा नियम, पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा, हे सगळं त्यातलंच.

रोजचं सामान विमानाने येतं. जड सामानासाठी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात समुद्र शांत असताना, होनोलुलूहून बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोट, येतं. पेट्रोल, फ्रिज, गादी, सिमेंट, गाडी, जे काय लागेल ते त्या एका फेरीत. जे विसरलं ते पुढच्या वर्षी. त्या दिवशी गाव धक्क्यावर जमतं, कोणाची नवी गादी आली, कोणाचं वॉशिंग मशीन आलं ते बघायला. पहिली बोट माणसं टाकायला आली होती त्याच समुद्रातून.

पुढे काय

हा भाग अजून उघडा आहे. काउंटी टिकून आहे ती आरोग्य खात्यामुळे, आणि आरोग्य खातं तिथे आहे ते रुग्णांमुळे. शेवटचा रुग्ण गेला की खात्याचं काम संपतं. मग काउंटीचं काय, माउईत विलीन करायची की वेगळी ठेवायची? जमिनीचा काही भाग मूळ हवाईयन लोकांसाठी राखलेल्या खात्याचा आहे, पार्कने तो भाड्याने घेतलाय. रताळीवाल्यांच्या वंशजांना तिथे परत घरं हवी असतील तर? त्यांचा हक्क नाही असं कोण म्हणेल? आणि पर्यटक मोकळे सोडले तर काय होईल हे आपण महाबळेश्वरला बघतोच. माझं विचाराल तर मर्यादा राहावी, मुलांवरची बंदी मात्र तेव्हा उठावी, कारण या जागेत मुलांचं नसणं हीच तर शिक्षा होती.

एक काम मात्र चालू आहे. ८००० माणसांपैकी बहुतेकांच्या थडग्यांवर नाव नाही, थोड्यांवरच दगड आहेत, बाकी गवताखाली. घरच्यांनी लाजेपोटी नावं घ्यायची सोडली होती, काही घरांत तर नातवंडांना माहीतच नाही की आजोबांचा एक भाऊ होता. रुग्णांनी आणि वंशजांनी २००३ मध्ये संस्था काढली, ती जुन्या नोंदी चाळून एकेक नाव शोधते आणि कोणी आपला माणूस विचारायला आलं तर त्याचा कागद काढून देते. २००९ ला अमेरिकन काँग्रेसने इथे स्मारक बांधायला परवानगी दिली, ज्यावर सगळ्यांची नावं असतील. त्यांत ती पहिली १२ नावंही असतील, ६ जानेवारी १८६६ ची, ९ पुरुष आणि ३ बायका.